सुताराच्या घरातला येशू

१८५० सालच्या उन्हाळ्यात लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात एक बिननावाचं चित्र लागलं होतं. सूचीत नावाच्या जागी बायबलच्या जुन्या करारातलं, जखऱ्याच्या पुस्तकातलं एक वचन छापलेलं होतं. एका माणसाला त्याच्या हातांवरच्या जखमांविषयी विचारलं जातं आणि त्या आपल्याच जिवलगांच्या घरी झाल्याचं तो सांगतो, एवढा त्या वचनाचा आशय. चित्रकार जॉन एव्हरेट मिले तेव्हा वीस वर्षांचा होता. प्रदर्शन उघडलं आणि त्याच्यावर टीकेची झोड उठली. ‘टाइम्स’ला चित्र किळसवाणं वाटलं. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकात त्याच्यावर तुटून पडणारा लेख लिहिला. गवगवा इतका झाला की व्हिक्टोरिया राणीने ते चित्र प्रदर्शनातून आपल्याकडे मागवून खाजगीत पाहिलं.

त्या चित्रात असं होतं तरी काय? सुतारकाम चालू असलेल्या घरात एका मुलाच्या हाताला खिळा लागतो आणि घरची माणसं त्याच्याभोवती जमतात. एवढंच. हे पुस्तक त्या एका चित्राविषयी आहे. आज ते ‘ख्राइस्ट इन द हाउस ऑफ हिज पेरेंट्स’ म्हणून ओळखलं जातं. ‘द कार्पेंटर्स शॉप’ हे त्याचं दुसरं नाव त्या गदारोळात पडलं आणि कायमचं चिकटलं. ते लंडनच्या टेट ब्रिटनच्या संग्रहात आहे. पुस्तकांतल्या आणि पडद्यावरच्या प्रतिमा पाहून आपण मनात त्याला फार मोठं करून ठेवतो. प्रत्यक्षात ते ८६.४ सेंटिमीटर उंच आणि १३९.७ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे जेमतेम तीन फूट बाय साडेचार फूट. एवढ्याशा कॅनव्हासने इतकी माणसं दुखावली कशी, या एका प्रश्नामागे मी बराच काळ लागलो होतो. त्याचं जे उत्तर मला सापडलं त्यातून हे पुस्तक झालं आहे.

चित्र नीट पाहू. कॅनव्हासच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारा लाकडी कामाचा ओटा आहे आणि त्यावर अर्धवट झालेलं एक दार आडवं ठेवलं आहे. जमिनीवर रंध्याने निघालेल्या कुरळ्या ढलप्यांचा खच पडला आहे. मध्यभागी मुलगा उभा आहे. तांबूस केसांचा, फिकट झगा घातलेला, तळवा उघडा करून दाखवणारा. तळव्याच्या बरोबर मधोमध जखम झाली आहे आणि रक्ताचा एक थेंब त्याच्या पावलावर पडला आहे. त्याची आई मरिया त्याच्याएवढी होण्यासाठी गुडघ्यांवर बसली आहे, कपाळाला आठ्या पडल्या आहेत आणि तिने आपला गाल त्याच्यासमोर धरला आहे. योसेफ ओट्यावरून वाकून मुलाचा हात पाहतो आहे. ओट्यामागची म्हातारी म्हणजे मरियेची आई, संत अॅना. ती पकडीने तो खिळा उपटते आहे, पुन्हा कुणाला लागू नये म्हणून. उजवीकडून केसाळ कातडं कमरेला गुंडाळलेला एक मुलगा पाण्याचं भांडं घेऊन येतो आहे. पाणी हिंदकळू नये म्हणून त्याची नजर भांड्यावरच खिळलेली आहे. हा योहान, पुढे यार्देन नदीत बाप्तिस्मा देणारा. डावीकडे एक कामगार उघड्या हातांनी ओट्यावर रेललेला आहे. मागच्या भिंतीवर हत्यारं टांगली आहेत, एका शिडीवर पारवा बसला आहे आणि दारापलीकडे मेंढरांचा कळप आपल्याकडे टक लावून पाहतो आहे.

शुभवर्तमानांत हा प्रसंग कुठेही नाही. येशूच्या बालपणाबद्दल चारही शुभवर्तमानं जवळपास गप्प आहेत. जन्माच्या कथा सोडल्या तर लूक बारा वर्षांच्या मुलाची मंदिरातली एक गोष्ट सांगतो आणि पुढे थेट तिशीच्या पुरुषावर येतो. सुतारकामाचा उल्लेख मात्र आहे. मार्कच्या सहाव्या अध्यायात गावची माणसं येशूला ‘हा तर सुतार’ या अर्थाने हिणवतात आणि मत्तयाच्या तेराव्या अध्यायात ‘सुताराचा मुलगा’ असं म्हणतात. मिलेने या दोन उल्लेखांवर आपलं घर बांधलं आणि त्यात पुढच्या सगळ्या कथेच्या खुणा ठेवल्या. तळव्यातली जखम क्रुसाची. पावलावरचा थेंब दुसऱ्या खिळ्याचा. पाण्याचं भांडं बाप्तिस्म्याचं, पारवा पवित्र आत्म्याचा, भिंतीवरचा त्रिकोणी गुण्या त्रैक्याचा, शिडी क्रुसावरून देह उतरवण्याची, मेंढरं श्रद्धावंतांची. मध्ययुगीन चित्रकलेत ही सांकेतिक भाषा रुळलेली होती. होल्मन हंट या मिलेच्या मित्राने नोंदवलं आहे की १८४९ च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डमध्ये ऐकलेल्या एका प्रवचनातून मिलेला या विषयाची कल्पना सुचली.

या खुणांची यादी पुरती झाली की चित्र कळलं, असं समजण्याची चूक बहुतेक कलापुस्तकं करतात. माझं तसं मत नाही. खुणा या चित्राचा सर्वांत कच्चा भाग आहे. गुण्या आणि पारवा इतक्या नेमक्या जागी आहेत की घर घर न वाटता पाठ गिरवल्यासारखं वाटू लागतं. जखमही तळव्याच्या अगदी केंद्रात आहे. खिळ्यावर हात ओरबाडला तर जखम अशी मोजून होत नाही. चित्राला श्वास मिळतो तो दुसऱ्या गोष्टींमुळे. योसेफाच्या दंडावरच्या फुगलेल्या शिरांमुळे, मातीने काळवंडलेल्या पायांच्या नखांमुळे, त्या दुसऱ्या मुलाच्या भांड्यावर खिळलेल्या नजरेमुळे. आणि सर्वांत जास्त मरियेमुळे. ती मुलाला धीर द्यायला खाली बसली आहे, पण नीट पाहिलं तर मुलगाच तिला धीर देत असावा असं वाटतं. हे कुठल्याही सांकेतिक कोशात सापडणार नाही. ते मिलेने घरात पाहिलेलं असणार.

आणि त्याने खरोखरच घरातल्या माणसांना बसवून रंगवलं होतं. पैसे घेऊन बसणारे व्यावसायिक मॉडेल त्याने टाळले. मरियेसाठी त्याची वहिनी मेरी हॉजकिन्सन बसली, योहानासाठी घरातला एक लहान नातेवाईक, येशूसाठी एका चित्रकार मित्राचा मुलगा. कामाची जागा ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या खऱ्या सुताराची होती. मिले कॅनव्हास घेऊन तिथे जाऊन रंगवायचा. मेंढरांसाठी त्याने खाटकाकडून मेंढ्यांची दोन मुंडकी आणली आणि त्यांवरून अख्खा कळप काढला.

या सगळ्या तपशिलांत योसेफाची हकिगत मला सर्वांत बोलकी वाटते. योसेफाचा चेहरा मिलेच्या वडिलांचा आहे. धड, हात आणि पाय मात्र एका खऱ्या सुताराचे आहेत. मिलेचं घराणं जर्सी बेटावरचं, खाऊनपिऊन सुखी. वडिलांनी मुलाच्या चित्रकलेसाठी बिऱ्हाड लंडनला हलवलं होतं. तसले दंड त्या घरात मिळणं शक्य नव्हतं. आयुष्यभर करवत ओढल्यावर हात कसा होतो, मनगटाशी कातडी कशी ताणते, कोपराजवळ स्नायू कसा पिळवटतो, हे पाहण्यासाठी मिलेला दुसऱ्या माणसाकडे जावं लागलं. पोशाखी गृहस्थाचं डोकं कष्टकऱ्याच्या धडावर ठेवलं गेलं आणि त्यातून देवाच्या मुलाचा पालक तयार झाला. १८५० च्या लंडनमध्ये ती दोन माणसं एका टेबलावर जेवायला बसली नसती.

मिले एकटा नव्हता. सप्टेंबर १८४८ मध्ये गोवर स्ट्रीटवरच्या त्याच्या आईवडिलांच्या घरी काही तरुणांनी एक मंडळ काढलं आणि त्याला ‘प्री-रॅफेलाइट ब्रदरहूड’ असं नाव दिलं. मिले, हंट आणि दांते गॅब्रिएल रोझेटी हे त्यातले तिघे प्रमुख, एकूण सात जण. पिसाच्या कॅम्पो सांतोमधल्या जुन्या भित्तिचित्रांच्या छापील प्रतींचा एक संच मिलेच्या घरी त्यांच्या हाती आला आणि त्यांना वाटलं की रॅफेलनंतरच्या चित्रकलेने सौंदर्याचे ठरावीक साचे करून ठेवले. माणूस उभा कसा राहावा, उजेड कुठून यावा, पावित्र्य कसं दिसावं, सगळं आधीच ठरलेलं. ते साचे सोडून समोरची वस्तू जशी आहे तशी पाहायची, असा त्यांचा निश्चय होता. पांढऱ्या अस्तरावर पातळ, उजळ रंग लावल्यामुळे त्यांच्या चित्रांत कोपऱ्यातली ढलपीही चेहऱ्याइतकीच स्वच्छ दिसते. त्याच वर्षी, १० एप्रिल १८४८ रोजी, मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट कामगारांचा मोठा मेळावा लंडनच्या केनिंग्टन कॉमनवर भरला होता. हंट आणि मिले मिरवणुकीबरोबर चालत तो पाहायला गेले होते. एवढ्यावरून मिले चार्टिस्ट होता असं म्हणता येणार नाही. पण ज्या लंडनकरांनी दोन वर्षांपूर्वी कामगारांच्या भीतीने दुकानांना फळ्या ठोकल्या होत्या, तेच आता रॉयल अकॅडमीच्या भिंतीवर पवित्र कुटुंबाच्या रूपात कामगाराचे उघडे दंड पाहत होते, हे विसरून चालणार नाही.

आता डिकन्सकडे येऊ. त्याचा लेख १५ जून १८५० च्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’मध्ये आला. त्याचा रोख आधी मंडळाच्या नावावर होता. रॅफेलच्या आधी जायचं असेल तर उद्या न्यूटनच्या आधी जाणारं एखादं मंडळही निघेल, असा त्याचा टोला. मग तो चित्राकडे वळला आणि त्याचा तोल सुटला. मुलगा त्याला वाकड्या मानेचा, रडका, रात्रीच्या झग्यातला वाटला. मरिया इतकी कुरूप वाटली की एखाद्या हलक्या गुत्त्यातही ती उठून दिसेल. सुतारांचे देह पाहून त्याला इस्पितळात भरती केलेले दारुडे आठवले, आणि त्यांच्या पायांची बोटं सेंट जाइल्समधून चालत आली आहेत असं तो म्हणाला. सेंट जाइल्स ही त्या वेळी लंडनची कुप्रसिद्ध गलिच्छ वस्ती होती.

हे कुणी लिहावं? ज्या महिन्यात हा लेख आला त्याच महिन्यात डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ क्रमशः प्रसिद्ध होत होती. मे १८४९ पासून नोव्हेंबर १८५० पर्यंत तिचे भाग येत राहिले. त्या कादंबरीतल्या पोरक्या मुलाला दहाव्या वर्षी गोदामात बाटल्या धुवायला घातलं जातं. ते प्रकरण डिकन्सने स्वतःच्या आठवणींतून उचललं होतं. बाराव्या वर्षी, वडील कर्जासाठी तुरुंगात असताना, तो बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्याचं काम करत असे. ही गोष्ट त्याने हयातीत जगाला कळू दिली नाही. मृत्यूनंतर जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून ती बाहेर आली. याच सुमारास, १८४६ ते १८४९ च्या दरम्यान, त्याने आपल्या मुलांसाठी येशूचं एक साधं चरित्र लिहिलं होतं, घराबाहेर न छापण्याच्या अटीवर. ते १९३४ मध्ये प्रसिद्ध झालं. येशूने आपले बारा सोबती गरिबांमधून निवडले, हे तो त्यात मुलांना आवर्जून सांगतो. ज्याला कष्टणाऱ्या मुलाचं दुःख जगात सर्वांत जास्त कळत होतं, जो आपल्या लेकरांना गरिबांच्या ख्रिस्ताची गोष्ट सांगत होता, त्यालाच हे चित्र सोसलं नाही.

डिकन्सला ढोंगी ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याने काहीच उलगडत नाही. तो दोन्ही ठिकाणी मनापासून लिहीत होता. माझ्या मते खरी गोष्ट अशी आहे. येशू सुतार होता हे वाक्य चर्चमध्ये अठरा शतकं ऐकलं जात होतं. ते ऐकताना प्रत्येक जण आपापल्या मनात आपल्याला झेपेल असा सुतार उभा करत होता, स्वच्छ हातांचा, धूसर उजेडातला. शब्द ऐकणाऱ्याला एवढी मोकळीक देतो. चित्र देत नाही. हात रंगवायचा म्हटला की तो कुठल्या तरी एका माणसाचा हात असावा लागतो, नखात मळ आहे की नाही ते ठरवावं लागतं. मिलेने ते ठरवलं. ज्यावर सर्वांचा विश्वास होता ते त्याने डोळ्यांसमोर आणून ठेवलं, आणि डोळ्यांना ते मानवेना.

याला एक पुरावा आहे. तीनच वर्षं आधी, १८४७ मध्ये, त्याच अकॅडमीत जॉन रॉजर्स हर्बर्टने नासरेथमधल्या पवित्र कुटुंबाचं चित्र मांडलं होतं. तिथेही सुतारकाम आहे, तिथेही भविष्याची खूण आहे. जमिनीवर पडलेल्या लाकडांचा क्रुसासारखा आकार झाला आहे आणि मुलगा तो पाहून थबकला आहे. हर्बर्ट स्वतः कॅथलिक झालेला होता. तरीही कुणी दगड उचलला नाही. विषय तोच, खुणा त्याच जातीच्या, मग फरक कुठे पडला? हर्बर्टच्या घरात कुणी घामेजलेलं नाही. त्याच्या सुतारकामातून भुसा उडत नाही.

धर्माच्या बाजूने हवा तापलेली होती हेही खरं. जॉन हेन्री न्यूमन १८४५ मध्ये अँग्लिकन चर्च सोडून रोमला गेला होता. मार्च १८५० मध्ये बाळाच्या बाप्तिस्म्याने नेमकं काय घडतं यावरच्या गोरहॅम खटल्याचा निकाल प्रिव्ही कौन्सिलने दिला आणि चर्चमधली दुफळी चव्हाट्यावर आली. अशा वेळी वेदीसारखा लांबलचक ओटा, त्याच्याभोवती जमलेली माणसं आणि पाणी घेऊन येणारा योहान पाहून काहींना त्यात रोमचा वास आला असल्यास नवल नाही. मंडळाच्या सहीतल्या गूढ आद्याक्षरांचा अर्थही नेमका त्याच वर्षी फुटला होता, त्यामुळे गुप्त कटाचा संशय बळावला. या बाजूवर इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी त्याला एक प्रकरण दिलं आहे आणि तेवढं पुरे आहे असं मला वाटतं. तांबड्या केसांबद्दल मात्र थोडं जास्त बोलायला हवं. युरोपच्या जुन्या पूर्वग्रहात तांबडे केस ज्यूंना, विशेषतः यहूदाला, चिकटवले जात. येशू ज्यू होता हेही ऐकून सर्वांना माहीत होतं, आणि तेही डोळ्यांपुढे आलेलं अनेकांना नको होतं.

मराठी वाचकाला हा सगळा संताप परका वाटण्याचा संभव आहे. आपला विठ्ठल जनाबाईबरोबर दळतो, तिच्याबरोबर शेण्या वेचतो; आपल्या संतांनी देवाला कामाला लावलं, त्यात कुणाला बाट वाटला नाही. पण हे आपण ऐकलेलं आहे. छापील चित्रांत मात्र जात्यापाशी बसलेला विठ्ठल बहुतेक वेळा मुकुट घालून, स्वच्छ पीतांबर नेसून बसलेला असतो. त्याच्या हाताला पीठ लागलेलं दिसत नाही. राजा रविवर्म्याच्या छापखान्याने, १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या, आपल्या देवघरांना जे देव दिले तेही युरोपीय अकॅडमीच्या सुबक देहयष्टीचे होते. कानाने मान्य केलेलं डोळ्याने नाकारण्याची सवय लंडनपुरती नाही.

याहूनही जवळचं उदाहरण गोव्याचं आणि पुण्याचं आहे. आंजेलो द फोन्सेका हा १९०२ मध्ये गोव्यात जन्मलेला चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकला. परतल्यावर तो मरियेला साडी नेसवू लागला, सावळी रंगवू लागला आणि येशूच्या कथेला इथल्या माणसांचे चेहरे देऊ लागला. गोव्यातल्या चर्चमधल्या अनेकांना ते रुचलं नाही. मरिया शेजारच्या बाईसारखी दिसते, ही त्यांची तक्रार. फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून रंगवत राहिला आणि १९६७ मध्ये वारला. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. मिलेशी त्याचा थेट संबंध नाही आणि मी तो जोडूही इच्छित नाही. दोघांची रंगवण्याची पद्धत एकमेकांच्या उलट आहे. फोन्सेकाची रेषा मऊ आहे, वॉशमध्ये विरघळणारी. पण दोघांना ऐकावी लागलेली तक्रार शब्दाशब्दाने सारखी आहे. म्हणून शेवटचं प्रकरण त्याच्यासाठी राखलं आहे.

चित्राचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. हेन्री फॅरर नावाच्या विक्रेत्याने ते १५० पौंडांना घेतलं. मिलेच्या मुलाने १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वडिलांच्या चरित्रात अशी हकिगत दिली आहे की फॅररने सगळी प्रतिकूल परीक्षणं कापून चित्राच्या पाठीवर चिकटवली होती. त्याचा तरुण चित्रकारावर तेवढा विश्वास होता. समीक्षक जॉन रस्किन प्रदर्शनात या चित्रावरून नाक मुरडून पुढे गेला होता. चित्रकार विल्यम डाइसने त्याला अक्षरशः ओढत परत आणलं आणि गुण शोधायला लावले, असं रस्किननेच पुढे सांगितलं. मे १८५१ मध्ये त्याने या तरुणांच्या बाजूने ‘टाइम्स’ला पत्रं लिहिली आणि वारं फिरलं. रस्किन, त्याची बायको एफी आणि मिले यांच्यात नंतर जे घडलं त्यावर पुरेशी पुस्तकं आहेत. त्याचा या चित्राशी संबंध नाही, म्हणून मी ते वगळलं आहे. १८७३ मध्ये हंटने ‘द शॅडो ऑफ डेथ’ पूर्ण केलं. त्यात प्रौढ येशू सुतारकाम थांबवून आळस देतो आहे आणि त्याची सावली हत्यारांच्या फळीवर क्रुसासारखी पडली आहे. त्याच्या छापील प्रती कामगारांच्या घरांपर्यंत पोचल्या. तेवीस वर्षांत लोकांची नजर किती बदलली, हे त्यावरून कळतं. मिलेचं चित्र १९२१ मध्ये वर्गणीदारांच्या मदतीने टेटने विकत घेतलं.

मिले मात्र पुन्हा असं चित्र काढायला गेला नाही, याची मला खरी हळहळ वाटते. तो लोकप्रिय झाला, श्रीमंत झाला, सर झाला, आणि १८९६ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, ज्या अकॅडमीविरुद्ध उभा राहिला होता तिचाच अध्यक्ष झाला. साबणाच्या फुग्याकडे पाहणाऱ्या गोबऱ्या मुलाचं ‘बबल्स’ हे त्याचं चित्र पिअर्स साबणाच्या जाहिरातीतून जगभर गेलं. हात त्याचा शेवटपर्यंत कसलेला होता. पण ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या त्या दुकानात जो तरुण एका सुताराच्या दंडावरची शीर न शीर टिपत बसला होता, तो नंतरच्या चित्रांत फार क्वचित भेटतो. डिकन्सशी त्याची पुढे मैत्री झाली. डिकन्सची मुलगी केट त्याच्या ‘द ब्लॅक ब्रन्स्विकर’साठी बसली. जून १८७० मध्ये डिकन्स गेला तेव्हा दुसऱ्या दिवशी मिलेने त्याच्या निष्प्राण चेहऱ्याचं पेन्सिलीने रेखाटन केलं आणि ते केटला दिलं. त्या रेखाटनात जुनी नजर परत आलेली दिसते. हनुवटीला बांधलेल्या पट्टीसकट त्याने सगळं काढलं आहे, काहीही सावरून न घेता.

पुस्तकाच्या मांडणीविषयी दोन शब्द. पहिल्या भागात चित्राचा एकेक तुकडा घेऊन तो पाहिला आहे, दुसऱ्या भागात गदारोळाची हकिगत आहे, तिसऱ्यात हर्बर्ट, मिले, हंट आणि फोन्सेका यांची चित्रं शेजारी शेजारी ठेवली आहेत. बायबलमधली नावं मराठी बायबलमध्ये येतात तशीच ठेवली आहेत. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाने मार्कचा सहावा अध्याय आधी वाचावा. त्याच्या सुरुवातीलाच गावाने आपल्याच सुताराला कसं झिडकारलं ते आहे. आणि चित्र पाहताना चेहऱ्यांपासून सुरुवात करू नये. चेहरे लगेच आपल्याला गोष्टीत ओढतात. आधी पावलं पाहावीत, मग ढलप्या, मग ओट्याची कड, मग दंड, आणि तिथून वर यावं. मिलेनेही सुताराच्या दुकानात बसून आधी हेच पाहिलं होतं.